वरच्या बोरनवर ठोकत नाहीत

१

कुत्रं बिळात गेलं की सगळ्यांनी तोंड बंद करायचं. आमच्या खोऱ्यातली माणसं लग्नात गप्प बसत नाहीत, चर्चमध्ये बसत नाहीत, मयतीतही मेंढ्यांचे भाव बोलतात. पण टेरियर जमिनीखाली गेला की चिडीचूप. एकजण गवतावर कान टेकून आडवा होतो, बाकीचे श्वास धरून त्याच्या तोंडाकडे बघत राहतात. भुंकणं एका जागेवरून सलग आलं तर कोल्हा कोंडला. भुंकणं सरकत राहिलं तर पळतोय. भुंकणं थांबलं की खरं काम सुरू.

थांबण्याची कारणं मला पाळण्यातच पाठ झाली. माती बसते. जुन्या बिळात पाणी भरतं. खडकात असेल तर कुत्रं कोल्ह्याच्या मागे खालच्या फटीत उडी मारतं आणि वर यायला पंजा टेकायलाही जागा सापडत नाही. अरुंद जागी कोल्हीण तोंड फाडते, आणि मागे सरकायला वाव नसतो. सगळ्यात मूर्ख कारण म्हणजे पहिल्याच्या मागे दुसरं कुत्रं घालणारा मालक. दुसरं मागून रेटतं, पहिल्याची वाट बंद होते, दोन्ही गुदमरतात. हे दरवर्षी कोणीतरी करतोच, आणि मग पबमध्ये डोळे पुसत सांगतो, काय शूर कुत्रा होता. शूर! त्याला विचारलं होतंस का, बाबा रे, की तुला शूर व्हायचंय का?

अडकलेल्या कुत्र्यासाठी आमच्याकडे ठोकतात. पहारीने वरच्या खडकावर दोन ठोके, जरा थांबून एक. खाली त्याला कळावं की माणसं सोडून गेलेली नाहीत. पलीकडच्या खोऱ्यातले शीळ घालतात, आम्ही ठोकतो. पिल्लू असल्यापासून शिकवतो: पत्र्याच्या ताटलीवर दोन, मग एक, मग जेवण. पिल्लाला ते इतकं भिनतं की दोन ठोक्यांनंतरच लाळ सुटते आणि ते तिसऱ्याची वाट बघत बसतं.

मी हेस्टर. लँकास्टरला भूगर्भशास्त्र शिकत होते, अर्ध्यावर सोडून आले. का सोडलं याचं उत्तर खोऱ्यात प्रत्येकाकडे तयार आहे. त्यातलं आवडेल ते उचला.

२

त्या मार्चात आयझॅक जॉप्सनची कोकरं जात होती. त्याचं कुरण डोंगराच्या पायथ्याला, आमच्या घराला लागून. सकाळी गेलं की दवात एखादं कोकरू पडलेलं, मुंडकं नसलेलं. आयझॅक ते बुटाने उलटं करायचा, शिवी द्यायचा आणि आमच्याकडे चहाला यायचा. माझे बाबा दगडाचे गडगे रचतात, चुना-माती काही न लावता, नुसते दगडावर दगड. निम्मं काम आयझॅकचं. त्यामुळे आयझॅक आमच्या टेबलाशी बसून काय वाटेल ते बोलू शकतो, आणि बोलतो.

"शिकलेली पोरगी घरात आहे," तो म्हणाला. "तिला विचार ना विल्फ, कोल्हा कोकराचं डोकंच का नेतो ते. कॉलेजात शिकवलं असेल."

"बोलणाऱ्यांची डोकी नेत नाही, एवढंच वाईट," मी म्हटलं.

बाबांनी माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. आयझॅककडे बघून मात्र हसले.

जोब फिअरन आला तेव्हा उजाडून बराच वेळ झाला होता. जोब आमच्या खोऱ्याचा टेरियरवाला. शिकारी कुत्र्यांच्या कळपाबरोबर डोंगर तुडवायचा, आणि कोल्हा जमिनीखाली गेला की आपली टेरियर सोडायची, एवढंच त्याने जन्मभर केलं. खांद्याला बंदूक, मागे त्याचा टर्क. टर्कचा अर्धा ओठ कुठल्यातरी कोल्हिणीने नेला होता, त्यामुळे तो कायम कुत्सित हसल्यासारखा दिसायचा. मालकासारखाच.

आम्ही माग काढत चढलो. माग वरच्या बोरनपर्यंत गेला.

बोरन म्हणजे कड्यावरून ढासळलेल्या दगडांचा ढीग. एकेक दगड गाईएवढा, काही झोपडीएवढे, आणि त्यांच्या खाली पोकळ्याच पोकळ्या. कोल्ह्यांना याहून चांगलं घर नाही. आमच्या डोंगरावर अशी बोरनं बरीच आहेत, आणि मी पोरवयापासून प्रत्येकाच्या तोंडाशी पालथी पडलेय. वरच्या बोरनवर मला कधी कोणी नेलं नव्हतं. मला वाटायचं, चढ फार म्हणून.

जोबने टर्कला बिळाच्या तोंडाशी सोडलं. टर्कने वास घेतला. गुरगुरला नाही, शेपूट घातली नाही. पुढचे पाय पसरून खाली बसला, आणि हनुवटी जमिनीला टेकवून पडून राहिला. शेकोटीपुढे पडतो तसा.

"जोबकाका, तुमचा टर्क पेन्शनीत निघाला," मी म्हटलं.

मला टोमणा परत मारायची संधी जोब सोडत नाही. या वेळी सोडली. टर्कला गळपट्ट्याला धरून त्याने बाजूला ओढलं आणि हळूच म्हणाला, "तुझी घाल."

"नेटल? ती अजून कोवळी आहे. खडकात फारशी उतरलेली नाही."

"तू तरी कशात पुरी उतरलीस?" आयझॅक म्हणाला.

मी बाबांकडे बघितलं. ते दूरच्या एका गडग्याकडे बघत होते, जणू त्यातला एखादा दगड सुटला होता.

"घाल, हेट," ते म्हणाले.

३

नेटल म्हणजे गडग्याच्या कडेला उगवणारी ती वनस्पती, हात लावला की आग होते ती. नाव मीच ठेवलं. करड्या रंगाची, ताठ केसांची, माझ्या बुटाएवढी उंच. कॉलेज सोडून आले त्या आठवड्यात एका गोठ्यातून उचलून आणली. त्या हिवाळ्यात घरात माझ्याशी सरळ बोलणारी तीच एक होती.

तिच्या गळ्यात नवा पट्टा होता. पट्ट्यात बॅटरीवरचं एक बटण, आणि माणसाच्या हातात एक पेटी. कुत्रं ज्या जागेखाली असेल तिथे पेटी जोराने टिकटिकते; काटा खोली दाखवतो. जोबला हे थेर वाटायचं. "कान कशाला दिलेत देवाने?" म्हणायचा. पेटी मी आणली होती.

नेटल शेपूट हलवत आत गेली. तिच्या मागच्या पायांची नखं दगडावर वाजली, मग वाजायची थांबली.

आयझॅकने टोपी काढली, एका दगडावर बसला आणि मोठा श्वास सोडला. "चला," तो म्हणाला. "यंदाची कोकरं वाचली."

अजून एकदाही भुंकणं आलं नव्हतं. आत कोल्हा आहे की नाही हेही माहीत नव्हतं. मला वाटलं, म्हातारा माझ्या कुत्रीचं कौतुक करतोय. आमच्याकडे कौतुक इतकं दुर्मिळ आहे की ते ओळखूच येत नाही.

मी गवतावर कान टेकला. बऱ्याच वेळाने भुंकणं आलं. एका जागेवरून, स्पष्ट. पण कोल्ह्यासमोरचं भुंकणं मला माहीत आहे. त्यात दात असतात, मध्येच खाकरल्यासारखं होतं, अंगावर काटा येतो. हे तसं नव्हतं. आमच्या दारात ओळखीचं माणूस आलं की नेटल असं भुंकते.

मग तेही थांबलं.

पेटी घेऊन मी दगडांवरून फिरले. टिकटिक सापडली, अगदी मंद. काटा खोलीच्या टोकाला जाऊन टेकला होता. पेटी त्याच्यापुढचं ऐकत नाही. इतक्या खाली मोकळी जागा असायला नको, तिथे सलग पाषाण हवा. एवढं मी परीक्षा न देताही शिकले होते.

"अडकली," मी म्हटलं आणि पहार उचलली.

जोबने माझं मनगट धरलं. त्याच्या हाताला घाम होता. त्या वाऱ्यात, त्या थंडीत.

"इथे ठोकत नाहीत," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे ठोकत नाहीत. बाकी कुठेही ठोक. वरच्या बोरनवर नाही."

"का?"

"हिला प्रत्येक गोष्टीला 'का' लागतं," आयझॅक बाबांना म्हणाला. "म्हणून नापास झाली."

"नापास नाही झाले. सोडून आले."

"तेच ते."

४

त्यांचं म्हणणं असं: कुत्री अरुंद जागेत फसलीय. थांबायचं. काही दिवस उपाशी राहिली की बारीक होईल आणि आपली आपण निसटून येईल. हे खोटं नाही. अशी कुत्री येतात. नुसती हाडं आणि डोळे, पण येतात. मी स्वतः बघितलीत.

म्हणून मी ऐकून घेतलं. थर्मासमधला चहा ओतला, त्यांनाही दिला. पेटी कानाशी धरून बसले. नेटल हलत नव्हती, पण टिकटिक चालू होती.

मागे दगड सरकल्याचा आवाज आला म्हणून वळून बघितलं. बाबा काम करत होते. गुडघ्यावर बसून, बिळाच्या तोंडाशी. खाली मोठे दगड बसलेही होते, आता त्यावर दुसरा थर. त्यांचे हात मी आयुष्यभर बघितलेत. दगड एकदा उचलला की ते खाली ठेवत नाहीत, त्याची जागा शोधतातच. जोब त्यांना दगड आणून देत होता. दोघं बोलत नव्हते. हे काम त्यांनी आधी कधीतरी मिळून केलेलं होतं, ते दिसत होतं.

"बाबा, काय करताय?"

"वारा आत जातो," बाबा म्हणाले.

"बारीक होऊन येईल ना ती? मग येणार कुठून?"

बाबांनी पुढचा दगड बसवला.

"मी विचारतेय, येणार कुठून? तुमच्या भिंतीतून?"

"हेट, आवाज खाली," बाबा म्हणाले. आणि तेव्हा मला कळलं की ते मला गप्प करत नव्हते. ते घाबरले होते, की कोणीतरी ऐकेल.

त्या डोंगरावर आम्ही चौघंच होतो.

मला राग येतो तेव्हा माझे कान गरम होतात. कॉलेजातही व्हायचे. मी उठले, बाबांनी रचलेला वरचा थर लाथेने पाडला, पहार उचलली आणि बोरनच्या मोठ्या दगडावर ठोकली. दोन.

तिसरा ठोका मारायला हात वर नेला होता. मारायची वेळच आली नाही. खालून एक ठोका आला.

५

आता डोकं ठिकाणावर ठेवून सांगते.

प्रतिध्वनी असता तर दोन आले असते. प्रतिध्वनी दिलेलं परत देतो, राहिलेलं पुरं करत नाही. सकाळचं ऊन लागलं की दगड फुगतात, सरकतात, टक्क आवाज करतात. पण ऊन नव्हतं, ढग कड्यावर टेकले होते. पाण्याचा थेंब पोकळीत पडला तर ठक् वाजतं. पण थेंबाला वजन नसतं, आणि हा ठोका माझ्या बुटांच्या तळव्यांना लागला होता. कुत्र्याला ठोकता येत नाही.

मी पुन्हा दोन मारले आणि थांबले. या वेळी मुद्दाम.

एक आला. घाईने नाही. ज्याला पद्धत माहीत आहे त्याने द्यावा तसा.

"बास कर," जोब कुजबुजला. त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता. "बास कर गं बये."

"हे काय आहे?"

"मला माहीत नाही."

"तुम्हाला माहीत आहे."

"मला माहीत नाही! माझ्या बापालाही नव्हतं. ठोकायचं नाही, एवढंच माहीत आहे."

सगळं शांत झालं. वाराही पडला. मग खालून दोन ठोके आले, आणि थांबले.

ते थांबणं मी ओळखत होते. शंभर पिल्लांच्या तोंडावर बघितलंय ते. दोन वाजलेत, आता तिसऱ्याची वाट. पिढ्यान् पिढ्या आमचे म्हातारे या डोंगरावर ठोकत आले, दोन आणि एक, दोन आणि एक, दगडातून खोल खाली. कुत्र्यांना शिकवत होते. फक्त कुत्रीच ऐकत असतील असं त्यांना वाटलं.

आयझॅक उठून खाली गडग्यातल्या फाटकाकडे चालू लागला होता. बाबा हात जोडल्यासारखे छातीशी धरून उभे होते.

मी एक ठोका दिला.

हातातल्या पेटीची टिकटिक वाढली. काटा हलला. टोकावरून सुटून तो सावकाश वर येऊ लागला. नेटल वर येत होती. दगडावर नखं वाजत नव्हती, धडपड नव्हती, काही नव्हतं. नुसता काटा, न अडखळता, पाळण्यातलं पोर कोणीतरी उचलून आणावं तसा.

६

टिकटिक बिळाच्या तोंडापासून माझ्या अंगाच्या लांबीएवढ्या अंतरावर थांबली. तिथून नेटल कुईं करून रडली. एकदाच, बारीक.

"ऐकलंत?" मी म्हटलं. "जिवंत आहे."

"हेस्टर," बाबा म्हणाले. ते मला पूर्ण नावाने हाक मारत नाहीत. "असू दे ती. दुसरी आणू. मी आणून देतो, हवी तसली."

"तुमच्याकडे दुसरी मुलगी आहे का?"

"काय बोलतेस!"

"मग मला दुसरी कुत्री सांगू नका."

उरलेले दगड मी काढले. बाबांनी थांबवलं नाही, मदतही केली नाही. हे त्यांचं जन्माचं आहे. आई गेली तेव्हाही ते असेच मध्ये उभे होते, ना दवाखान्यात ना घरी. मी जाकीट काढलं. बीळ माझ्या खांद्यांना पुरेल एवढंच होतं, आणि उतरतं. अशा बिळात माणसाने एकट्याने डोकं घालायचं नसतं. दगड घसरला तर मागे येता येत नाही. दोघांनी घोटे धरायचे आणि सांगितलं की ओढायचं. ही एकच गोष्ट आमचे म्हातारे नीट करतात.

"धरा," मी म्हटलं.

जोब जागचा हलला नाही.

"धरत नसाल तरी मी जाणार आहे. मग खाली जाऊन सगळ्या पबला सांगा, विल्फ माउन्सीच्या पोरीला आत जाऊ दिलं आणि उभे राहिलो म्हणून. सांगाल? जोबकाका, सांगाल?"

जोबने बंदूक खाली ठेवली. बाबा पुढे आले. मी पालथी पडले, डोकं आणि हात आत घातले आणि सरपटले. कंबरेपर्यंत गेले तेव्हा घोट्यांना हात लागले. आधी डावा, मग उजवा. घट्ट.

"सोडू नका," मी आतून ओरडले.

७

आत अंधार होता, पण पुरता नाही. माझ्या अंगाच्या कडेने थोडा उजेड गळत होता. कोल्ह्याचा उग्र वास असायला हवा होता, जो कपड्यांतून आठवडाभर जात नाही. नव्हता. ओल्या पाटीच्या दगडाचा वास होता, आणि कसला तरी उबट.

हाताला भिंत लागली. मी गडगे रचणाऱ्याची मुलगी आहे. अंधारातही दगड कळतात. ढासळलेले दगड कसेही पडतात, कोपऱ्यावर, धारेवर, एकमेकांना अडकून. हे पडलेले नव्हते. थर होते. मोठ्यांच्या मधल्या फटीत चपट्या कपच्या ठोकून बसवलेल्या. सांध्यावर सांधा येऊ दिलेला नव्हता. बाबांनी बघितलं असतं तर मान हलवून 'काम आहे' म्हणाले असते. आणि रचणाऱ्याने तोंड आतल्या बाजूला ठेवलं होतं. ही भिंत आत बसून रचलेली होती.

मी स्वतःला सांगितलं, जुने खाणवाले. पाटीच्या खाणीचे कामगार. इथे कधी खाण नव्हती हेही मला माहीत होतं. तरी सांगितलं, पुढे सरकायला काहीतरी लागतं.

"नेटल."

ती समोर होती. फसलेली नव्हती. तिच्याभोवती ऐसपैस जागा होती. ती बसली होती, पाठ ताठ, कान पुढे, आणि तिची शेपटी दगडावर घासत होती, सर्र सर्र. अंगावर ओरखडा नाही. मी हात लांब करून तिच्या मानेची कातडी मुठीत धरली. ती आली. तिचं थंड नाक माझ्या गालाला लागलं. पण ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या खांद्यावरून, माझ्या पाठीमागे, पायांकडे बघत होती.

"ओढा!" मी ओरडले.

काही झालं नाही.

"बाबा! जोब! ओढा म्हणते ना!"

मान वळवायला जागा नव्हती. मी हनुवटी छातीला लावली आणि काखेखालून, स्वतःच्या बरगडीच्या कडेने मागे बघितलं. बिळाच्या तोंडाचा फाळकाभर उजेड. माझी विजार. लोकरीचा मोजा. आणि मोज्यावर बोटं. चिखलाची, पाटीच्या रंगाची. जोबच्या हातांना कायम चिखल असतो. मी मनात म्हटलं, जोब. पुन्हा म्हटलं, जोब. बोटांची पेरं मोजायला लागले आणि मध्येच सोडून दिलं.

मग ओढलं गेलं. हिसका नाही, झटका नाही. माणसं ओढताना धापा टाकतात, शिव्या देतात, एकाचा जोर कमी पडतो आणि तुम्ही तिरके होता. मी सरळ निघाले, संथ, आणि नेटल माझ्या छातीशी.

८

बाहेर पडले ती पालथी, तोंड बिळाकडे. घोटे सुटले. डोळ्यांत माती गेली होती. मी तशीच पुढ्यातल्या गवतावर रांगत वळले, नेटलला काखेत मारलं आणि उतारावर नजर टाकली.

तिघंही खाली फाटकाशी होते. गडगा जिथे संपतो तिथलं लाकडी फाटक, बोरनपासून चांगलं हाकेच्या अंतरावर. तिघांच्या पाठी माझ्याकडे. टर्क त्यांच्या पायांत.

"बाबा!"

बाबा अर्धे वळले, आणि लगेच मान खाली घातली. "मागे बघू नकोस," ते ओरडले. "हेट, सरळ ये. मागे बघू नकोस."

मी सरळ गेले. पाय दुखत होते. फाटकापाशी पोचून त्यांच्यासमोर उभी राहिले.

"कधी सोडलेत?"

बाबा फाटकाची कडी चाचपत राहिले.

"पाय कधी सोडलेत, ते विचारतेय. मी आत होते. मी ओरडत होते. कधी सोडलेत?"

"धरलेच नाहीत," बाबा म्हणाले. इतक्या हळू की मला त्यांच्या ओठांवरून कळलं. "तू डोकं घातलंस आणि जोब म्हणाला, चल. मी आलो."

मी वाकून मोजा खाली केला. घोट्याभोवती लाल वळ उठले होते. बोटांचे. पुढून मागे गेलेले, मागून पुन्हा पुढे आलेले, आणि जिथून निघाले त्याच्यावरून पुढे गेलेले. आयझॅकने बघितलं आणि तोंड फिरवलं.

"परत सोड तिथे," तो म्हणाला. "त्या कुत्रीला. माझ्या निम्म्या मेंढ्या व्यायच्यात अजून. पोरी, तुझ्या पाया पडतो. तुला माहीत नाही तू काय केलंस."

"मला माहीत आहे. तुम्ही सकाळीच ठरवून आला होतात. टर्क जाणार नाही हेही ठाऊक होतं. तुमच्या कोकरांच्या बदल्यात माझी कुत्री आणली, माझ्याच हाताने घातली." मी बाबांकडे बघितलं. "आणि तुम्ही म्हणालात, घाल हेट."



"ठेव तिला खाली," जोब म्हणाला. त्याच्या हातात बंदूक होती. नळी नेटलवर, म्हणजे माझ्या काखेवर, म्हणजे माझ्यावर. "ती खोऱ्यात उतरणार नाही. खाली ठेव, बाजूला हो. तिला काही कळणारही नाही."

"तुमच्यापैकी एकानेही माझा पाय धरला नाही," मी म्हटलं. "ज्याने धरला त्याने सोडला नाही. आता तुम्ही मला सांगणार, कोणाला घाबरायचं ते? झाड गोळी. आधी मला लागेल. झाड ना, जोब!"

जोबने बंदूक खांद्याला लावली. त्याने नेम धरला. मग त्याचे डोळे माझ्या चेहऱ्यावरून सरकले. थोडे वर, माझ्या डोक्याच्याही वर, आणि तिथे थांबले. नळी खाली आली. त्याने ती खाली आणली असं नाही, त्याच्या हातातला जोरच गेला. आयझॅक गडग्याला पाठ लावून खाली बसला. टर्कने पाय पसरले आणि हनुवटी जमिनीला टेकवली.

माझ्या मानेवर काही ऊब आली नाही, गार वारा लागला नाही. काहीच लागलं नाही. फक्त मागचं गवत वाऱ्यात सळसळत होतं, आणि माझ्या पाठीइतक्या रुंद जागेत सळसळत नव्हतं.

मी घाबरले होते. हे लपवत नाही. पण समोर तिघं जण होते, त्यांना मी जन्मापासून काका आणि बाबा म्हणत आले, आणि त्या क्षणी मला त्यांच्या बाजूला जाऊन उभं राहावंसं वाटलं नाही.

"बाजूला व्हा," मी म्हटलं.

झाले. बाबा सगळ्यात आधी.

डोंगरावरचं फाटक आपल्यामागे लावून घ्यायचं. आमच्याकडे याला अपवाद नाही. पाहुणा असो, पोस्टमन असो, मयत खाली नेत असोत, शेवटचा माणूस वळतो आणि कडी घालतो. नाहीतर वरचं खाली येतं, खालचं वर जातं, आणि वर्षभर भांडणं चालतात.

मी नेटलला घेऊन फाटकातून बाहेर पडले. खाली आयझॅकचं कुरण होतं, त्याच्या मेंढ्या, आमचं घर, चर्च, पब, सगळं खोरं.

"हेट," बाबांनी मागून हाक मारली. आवाज फुटला होता त्यांचा. "हेट, कडी. कडी घाल."

मी चालत राहिले. फाटक उघडंच ठेवलं.